शाळा अनुदान: कोणता खर्च चालतो, कोणता आक्षेपात जातो, आणि दोनशिक्षकी शाळेत नियंत्रण कसं ठेवायचं?

रोजकीर्द

समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान आलं की तेच प्रश्न सुटे सुटे फिरत राहतात, म्हणून सगळं एका धाग्यात घेऊ. विषय जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महापालिकेच्या शाळांपुरता आहे. खासगी अनुदानित शाळांचं वेतनेतर अनुदान वेगळं, तिथल्या समितीचे अधिकारही वेगळे, त्यामुळे ते इथे नको.

आधी आकडे. पट १ ते ३० असेल तर वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १००० ला ७५,००० आणि त्यावर १ लाख. पट धरतात तो यूडायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी प्रणालीवरचा, आज वर्गात बसलेल्या मुलांचा नाही. ही कमाल रक्कम आहे. हप्त्याने येते तेव्हा पत्रात जी रक्कम लिहिली आहे आणि पीएफएमएसवर (सरकारी निधीच्या ऑनलाइन प्रणालीवर) जी खर्चमर्यादा दिसते, तीच आपली. 'उरलेले मार्चमध्ये येतीलच' असं धरून उधारीवर माल उचलला की फसलात.

काय चालतं: नादुरुस्त साहित्य बदलणं, खडू-कागदासारख्या उपभोग्य वस्तू, खेळाचं साहित्य, प्रयोगशाळा, अध्यापन साहित्य, वीज, पाणी, इंटरनेट, इमारत आणि स्वच्छतागृहाची वार्षिक देखभाल-दुरुस्ती. किमान १० टक्के रक्कम स्वच्छता कृती आराखड्यावर. काय चालत नाही: नवीन बांधकाम, कुणाचं मानधन, सत्कार, जेवणावळ, सहल, दंड.

मधलं जे आहे ते खाली बोलू.

पाटीपेन्सिल

पट ८४, शिक्षक दोन, पहिला हप्ता १२,५०० आला आहे. गरजा अशा: वीजबिलाची थकबाकी, मुलींच्या स्वच्छतागृहाचं मोडलेलं दार, दोन वर्गांची रंगरंगोटी, एक प्रिंटर. बसवायचं कसं?

लेखाशीर्ष

पाटीपेन्सिल मॅडम, आधी १० टक्के बाजूला काढा. पूर्ण वर्षाचे २५,००० धरले तर २,५००, या हप्त्यापुरते १,२५०. हप्त्यागणिक काढलेलं बरं, कारण दुसरा हप्ता आलाच नाही तरी प्रमाण पाळलेलं दिसतं. साबण, फिनेल, झाडू, कचरापेटी, टाकीची सफाई हे सगळं त्यात.

स्वच्छतागृहाचं दार दुरुस्तीतही बसतं आणि स्वच्छतेतही. कुठे धरायचं ते ठरावात लिहा आणि तिथेच ठेवा. एकच दार दोन्ही रकान्यांत दिसलं की तपासणीला आलेला माणूस बाकीचंही बारकाईने बघायला लागतो.

वीजबिलात रकमा सुट्या करून बघा. चालू आकार देता येतो. थकबाकीवरचं व्याज आणि विलंब आकार हा दंडाच्या जातीचा खर्च, तो अनुदानात टाकू नका. बिल कुणाच्या नावाने आहे तेही बघा. बऱ्याच गावांत शाळेचं मीटर अजून ग्रामपंचायतीच्या नावावर असतं. बिलाच्या मागे ग्राहक क्रमांक आणि 'हे मीटर शाळा इमारतीतील आहे' असा मुख्याध्यापकांचा दाखला लावा.

प्रिंटर जुना होता आणि तो बिघडला असेल तर सरळ आहे: दुरुस्त होत नसल्याचं लेखी, मग बदली. कधी नव्हताच, तर ती नवीन मालमत्ता. अनुदानाचा उद्देश 'बदलणे आणि चालवणे' हा आहे. मी तरी १२,५०० मध्ये प्रिंटरला हात लावणार नाही.

तालुकाबाबू

वर जे चाललंय ते 'वस्तू बसते का' यावर. तालुक्याच्या गट साधन केंद्रात तपासणीचे जे आक्षेप येतात, त्यांत वस्तू चुकीची म्हणून कमी आणि तारखा उलट्या म्हणून जास्त असतात. खर्च मान्य व्हायला हा क्रम लागतो:

गरज, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, दर, पुरवठा आदेश, माल आला, मोजला, साठ्याला चढला, देयक मंजूर, रक्कम अदा, रोकडवहीत नोंद.

प्रत्येक पायरीची तारीख आधीच्या पायरीच्या दिवशीची किंवा नंतरची हवी. प्रत्यक्षात सापडतं ते असं: ठराव २० तारखेचा, बिल १२ चं. म्हणजे माल आधी आणला आणि ठराव मागून लिहिला. किंवा पुरवठा आदेशच नाही, फोनवर सांगितलं. किंवा दरपत्रकांवर तारीखच नाही. ५०० रुपयांचा खडू असला तरी हा दोष तोच, आणि तो पैशाने भरून निघत नाही.

ठरावात 'शाळेसाठी आवश्यक साहित्य घेण्यास मंजुरी' एवढंच लिहू नका. वस्तू, नग, अंदाजे रक्कम, कोणत्या अनुदानातून आणि कोणत्या वर्षाच्या, हे लिहा. सूचक, अनुमोदक, हजर सदस्यांच्या सह्या. इतिवृत्ताच्या वहीत मधे रिकामी जागा सोडू नका. रिकामी जागा दिसली की तपासणारा ती आडवी रेघ मारून बंद करतो आणि मग मागच्या तारखेचा ठराव लिहायला जागा उरत नाही. (ज्यांना कळलं त्यांना कळलं.)

कौलारू

समितीत ७५ टक्के पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, हे सगळ्यांना पाठ असतं. पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ मध्ये अनुदानाच्या विनियोगावर देखरेख हे समितीचं काम म्हणून लिहिलं आहे, ते विसरतात. सही घ्यायला वही घरी पाठवणं म्हणजे देखरेख नव्हे.

पाटीपेन्सिल

तालुकाबाबू सर, दरपत्रकं किती रकमेपासून लागतात? कुणी २५ हजार सांगतं, कुणी ५० हजार.

तालुकाबाबू

दोन्ही आकडे केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांतले. नियम १५४ प्रमाणे दरपत्रकाविना खरेदीची मर्यादा २५,००० होती, जुलै २०२४ मध्ये ती ५०,००० झाली. त्याच वेळी नियम १५५ ची खरेदी समितीची मर्यादा अडीच लाखांवरून ५ लाखांवर गेली. पण शाळेला बंधनकारक आहे ते राज्याचं खरेदी धोरण आणि महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेचं अनुदान वितरणाचं पत्र. त्यात कमी मर्यादा असेल तर ती पाळायची. केंद्राचं परिपत्रक दाखवून सुटका होत नाही.

आणि दरपत्रकाविना खरेदी म्हणजे कागदाविना खरेदी नव्हे. वस्तू योग्य दर्जाची आहे, विश्वासार्ह दुकानातून आणि वाजवी दराने घेतली आहे, असं प्रमाणपत्र खरेदी करणाऱ्याने स्वतः सही करून द्यायचं असतं. दहापैकी आठ फायलींत ते नसतं.

तुकडे पाडणं हा वेगळा आजार. एकाच आठवड्यात, एकाच दुकानातून, मर्यादेच्या जरा खाली राहतील अशी तीन बिलं. नियम १५७ त्यासाठीच आहे. गरज एक असेल तर खरेदी एक.

खडूफळा

बनावट दरपत्रकं ओळखायला फार अक्कल लागत नाही. तिन्हींत 'स्टेशनरी' शब्द सारखाच चुकलेला. तिन्ही एकाच तारखेची, एकाच क्रमाने, एकाच शाईत. तिसऱ्या दुकानाचा पत्ता शोधायला गेलं तर तिथे केशकर्तनालय. सगळ्यात कमी दराचं दरपत्रक आणि तिसऱ्या क्रमांकाचं दरपत्रक यांत प्रत्येक वस्तूला नेमका १० टक्के फरक. खरे दुकानदार असे दर देत नाहीत; एखादी वस्तू एकाकडे स्वस्त, दुसरी दुसऱ्याकडे.

तुलनात्मक तक्ता करताना एकूण रकमेवर जा, पण वस्तूनिहाय दरही मांडा. कर धरून की वगळून, वाहतूक धरून की वगळून, हे तिघांना सारखंच विचारलेलं हवं. नाहीतर कमी वाटणारा दर कर लावल्यावर जास्त निघतो.

जमाखर्च

बिलाबद्दल लिहितो, कारण इथे अफवा फार. 'जीएसटी क्रमांक नसलेलं बिल चालत नाही' हे सरसकट खरं नाही. फक्त माल विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणीची सक्ती नाही, सेवा देणाऱ्याला ही मर्यादा २० लाख. गावातल्या किराणावाल्याचं साधं बिल चालतं. त्यावर दुकानाचं नाव-पत्ता, बिल क्रमांक, तारीख, वस्तू, नग, दर, सही हवी. अनुदान वितरणाच्या पत्रात नोंदणीकृत विक्रेत्याचीच अट असेल, तर मात्र ती पाळावी लागेल.

खरी चूक उलट दिशेची असते. नोंदणी नाही तरी बिलात १८ टक्के कर लावलेला. किंवा दुकानदार कंपोझिशन योजनेत (छोट्या दुकानदारांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची सोय) आहे. त्याला ग्राहकाकडून कर घेताच येत नाही, तरी घेतलेला. तो कर म्हणजे शाळेने जादा दिलेली रक्कम, आणि वसुली लागली तर मुख्याध्यापकांवर. कंपोझिशनवाल्याच्या बिलावर तो कर गोळा करण्यास पात्र नाही असं छापलेलं असतं, ते वाचा.

क्रमांक १५ अक्षरांचा. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्र २७, गोवा ३०. पुढची दहा म्हणजे दुकानदाराचा पॅन. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, दोन्ही दिसतं. त्या पानाची छापील प्रत प्रमाणकाला (व्हाउचरला) लावा, दोन मिनिटांचं काम.

सावंतवाडीकर

सीमेवरच्या शाळांसाठी भर. म्हापशाला जाऊन दुकानातच माल ताब्यात घेतला आणि बिलावर शाळेचा पत्ता नसेल तर त्यावर गोव्याचा केंद्रीय आणि राज्य असा दोन भागांतला कर बरोबर आहे. बिलावर शाळेचा महाराष्ट्रातला पत्ता असेल किंवा दुकानदाराने माल सिंधुदुर्गातल्या शाळेत पोचवला तर एकात्मिक कर (आयजीएसटी) हवा. आणि कंपोझिशनवाला दुकानदार राज्याबाहेर माल पाठवू शकत नाही. त्याने 'पाठवतो' म्हटलं तरी नको म्हणा.

पाटीपेन्सिल

रंगरंगोटीच्या मजुरीचं काय? गवंडी बिल देत नाही.

लेखाशीर्ष

हातपावती चालते, पण मोजमाप जोडा. तपासणीला टेप घेऊनच माणूस येतो. उदाहरण करून दाखवतो. खोली २० बाय २५ फूट, उंची १० फूट. चार भिंतींचा घेर ९० फूट, म्हणजे ९०० चौरस फूट. दार ४ बाय ७ म्हणजे २८, तीन खिडक्या ४ बाय ४ म्हणजे ४८. एकूण ७६ वजा. राहिले ८२४. दोन खोल्या १,६४८ चौरस फूट. पावतीवर २,४०० लिहिलं असेल तर ७५२ चौरस फुटांची मजुरी कुणीतरी खिशातून भरणार. छत रंगवलं असेल तर ते वेगळ्या ओळीत लिहा, भिंतीत मिसळू नका.

हातपावतीवर नाव, पत्ता, कामाचा कालावधी, मोजमाप, दर, सही किंवा अंगठा, अंगठ्याला साक्षीदार. रक्कम त्याच्याच खात्यात. 'त्याचं खातं नाही म्हणून मुकादमाच्या खात्यात टाकले' हे लिहिण्यापेक्षा ज्याचं खातं आहे असा गवंडी शोधा. एका ठेकेदाराला एका वेळी ३०,००० च्या वर किंवा वर्षात १ लाखाच्या वर रक्कम जात असेल तर उगमकर कपात (टीडीएस) आली: व्यक्तीला १ टक्का, इतरांना २ टक्के, पॅन नसेल तर २०. लहान शाळेला सहसा लागत नाही, मोठ्या पटाच्या शाळांनी विसरू नये.

दोनशिक्षकी

आता अवघड प्रश्न विचारतो. पुस्तकात लिहिलंय की मागणारा, खरेदी करणारा, माल घेणारा आणि पैसे देणारा वेगवेगळे असावेत. आमच्याकडे माणसंच दोन. एक मुख्याध्यापक, एक सहशिक्षक. चार हात कुठून आणायचे?

रोजकीर्द

चार नाही मिळणार, तीन मिळतात. खरेदी मुख्याध्यापकांनी केली तर माल मोजून साठ्याला घेण्याचं काम सहशिक्षकाचं, आणि मोजताना समितीतला एक पालक. सहीला नाही, मोजायला. बिलाच्या मागे 'माल मिळाला, मोजला, जडवस्तू नोंदवही पान अमुक, अनुक्रमांक अमुक वर घेतला' असं लिहून त्या दोघांची सही. त्यानंतरच मुख्याध्यापक 'रुपये इतके, अक्षरी इतके, अदा करण्यास मंजूर' लिहितील. ज्याने खरेदी केली त्यानेच साठा घेतला आणि त्यानेच पैसे दिले, एवढं एक टाळलं तरी निम्मा धोका संपतो.

साठ्याच्या वह्या दोन. खुर्ची, पंखा, प्रिंटर, फुटबॉलचे खांब हे जडवस्तूत. खडू, कागद, साबण उपभोग्यात, आणि तिथे जमा लिहून भागत नाही, वाटपही लिहायचं. जूनमध्ये ४० खोके खडू जमा, वाटप कोरं, कपाटात ३ खोके. ३७ गेले कुठे याचं उत्तर कुणाकडेच नसतं, आणि ते बहुतेक वेळा खरंच फळ्यावर गेलेले असतात. जडवस्तूची वर्षातून एकदा प्रत्यक्ष मोजणी, तीही ज्याच्या ताब्यात वस्तू आहेत त्याच्याखेरीज दुसऱ्याने. मोडलेल्या वस्तू निर्लेखनाची (वहीतून कमी करण्याची) परवानगी येईपर्यंत फेकायच्या नाहीत, कितीही अडगळ झाली तरी.

तालुकाबाबू

पीएफएमएसवर हाच मुद्दा दुसऱ्या रूपात येतो. तिथे एक जण देयक भरतो, दुसरा तपासून मंजूर करतो. दोन वेगळी लॉगिनं त्यासाठीच आहेत. प्रत्यक्षात दोन्हींचे पासवर्ड तालुक्याच्या ठिकाणच्या संगणक केंद्रातल्या मुलाकडे, एकाच चिठ्ठीवर. मग ती व्यवस्था कागदावरच राहिली. भरून घ्यायला बाहेर जावं लागत असेल तर जा, पण मंजुरीचं लॉगिन आणि मोबाइलवर येणारा ओटीपी आपल्या हातात ठेवा. मुख्याध्यापकांची बदली झाली की त्याच दिवशी मोबाइल क्रमांक बदलून घ्या.

जुलै २०२१ पासून पैसा शाळेच्या खात्यात येऊन पडत नाही. राज्याचं एकच मुख्य खातं, शाळेचं शून्य शिल्लक खातं, आणि वर खर्चाची मर्यादा. त्यामुळे तीन गोष्टी बदलल्या. शाळेला व्याज मिळत नाही. मर्यादा वेळेत वापरली नाही तर ती काढून घेतली जाते, 'खात्यात शिल्लक आहे' असं काही नसतं. आणि जुन्या खात्यांत अजून रक्कम पडून असेल तर ती व्याजासकट वर भरून खातं बंद करायचं. त्या पैशातून आज खरेदी केली तर वस्तू कितीही योग्य असो, खर्च अमान्य.

जमाखर्च

रोकडवहीतली नेहमीची चूक त्यातूनच निघते. पेमेंटची छापील सूचना निघाली की खर्च लिहून मोकळे होतात. आयएफएससी जुना असतो, बँक विलीन झालेली असते, खात्यावरचं नाव जुळत नाही, आणि पेमेंट परत येतं. दुकानदार दोन महिन्यांनी दारात उभा राहतो तेव्हा कळतं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पीएफएमएसचा अहवाल काढा, प्रत्येक देयकापुढे 'यशस्वी' आहे का बघा, रोकडवहीशी जुळवा आणि फरक असेल तर कारणासह ताळमेळ पत्रक लिहा. परत आलेली रक्कम खोडून टाकायची नाही; जमा बाजूला उलट नोंद करून नव्याने देयक करायचं. खाडाखोड, पांढरी शाई रोकडवहीत कधीच नको.

कौलारू

दुहेरी दाखवण्याबद्दल कुणी बोललं नाही. ग्रामपंचायत वित्त आयोगाच्या निधीतून शाळेचं काम करते, कधी आमदार निधी येतो, कधी एखादी संस्था रंग देते. तोच रंग शाळा अनुदानातही दिसतो. मुद्दाम असतं असं नाही. दोन्हीकडे अंदाजपत्रक आधी गेलेलं असतं. काम ठरवण्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) 'या कामावर ग्रामपंचायतीने खर्च केलेला नाही' असं लेखी घ्या. आणि पैसे दिल्यावर मूळ बिलावर 'समग्र शिक्षा शाळा अनुदान, वर्ष अमुक, यातून अदा' असा शिक्का. शिक्का बसलेलं बिल दुसऱ्या फायलीत जात नाही.

खडूफळा

तसंच अनुदानाच्या वेगवेगळ्या शीर्षांचं. ग्रंथालयाचं अनुदान वेगळं (५,००० ते २०,०००, शाळेच्या स्तराप्रमाणे), क्रीडा अनुदान वेगळं (प्राथमिक ५,०००, उच्च प्राथमिक १०,०००, माध्यमिक २५,००० पर्यंत), गणवेश वेगळा (दोन संचांना मिळून ६०० रुपये प्रतिविद्यार्थी). खेळाचं साहित्य संयुक्त अनुदानातही चालतं, म्हणून गफलत होते. आधी क्रीडा अनुदान संपवा, कमी पडलं तरच संयुक्तला हात लावा. गणवेशाचे उरलेले पैसे स्वच्छतागृहाला वापरणं, कितीही चांगल्या हेतूने असो, वळतं करणं आहे. पोषण आहाराचं तर खातंच निराळं. त्यातून शेगडी दुरुस्तीशिवाय शाळेचं काही काढायचा विचारही नको, आणि शेगडीसुद्धा तिथल्या नियमांनी.

दोनशिक्षकी

उपयोगिता प्रमाणपत्र (अनुदान ठरल्या कामाला वापरल्याचा दाखला) ३१ मार्चच्या आत मागतात. माल आलेला नसतो, बिल आलेलं असतं. खर्च दाखवायचा का?

तालुकाबाबू

नाही. दिलेली आगाऊ रक्कम म्हणजे खर्च नाही, आणि न आलेला माल तर नाहीच. प्रमाणपत्रात तीन आकडे: मिळालेली मर्यादा, प्रत्यक्ष खर्च, अखर्चित. तिन्ही रोकडवहीशी आणि पीएफएमएसशी जुळायला हवेत. केंद्राच्या नियम २३८ मध्ये वर्ष संपल्यावर १२ महिन्यांची मुदत आहे, तालुका घाई करतो तो वरून एकत्रीकरण करायचं असतं म्हणून. अखर्चित दाखवलं तर पुढच्या वर्षी कमी मिळेल ही भीती असते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात न आलेल्या मालाची पोच सही करणाऱ्याला त्याहून मोठी भीती वाटायला हवी.

पाटीपेन्सिल

मग माझं असं ठरतंय: १,२५० स्वच्छता, त्यात दार नाही, दार दुरुस्तीत, वीजबिल विलंब आकार वगळून, एकच वर्ग रंगवायचा, ८२४ चौरस फूट, प्रिंटर बाद. शनिवारी समितीची सभा लावते. विलंब आकाराचं मात्र करायचं काय? तो भरल्याशिवाय जोडणी सुरू होणार नाही म्हणतात.

लेखाशीर्ष

ग्रामपंचायतीला पत्र द्या, त्यांच्या स्वनिधीतून भरता येतो का विचारा. मीटर त्यांच्याच नावावर असेल तर मागणी आणखी रास्त आहे. नाहीतर लोकसहभागातून, आणि त्याची पावतीपुस्तकावर पावती फाडून. सभेच्या नोटिशीत हा विषय आजच घाला मॅडम, 'आयत्या वेळचे विषय' मध्ये नको.